बेसाच्या बोअरच्या पाण्यातले एकोणीस मासे: माझ्या पश्चात त्यांची व्यवस्था

मी, प्रेमिला नागसेन गजभिये, वय ५३, नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. बिघाड माझ्या हृदयाच्या झडपेत आहे. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले. लेखी मागितले तेव्हा ते हसले. मंगळवारी ते झडप बदलणार आहेत. ती नीट बसली तर हा कागद कपाटात पडून राहील. नाही बसली तर पुढीलप्रमाणे वागावे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छातीही नाही.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझी मुलगी पायल हिला मिळावा. बँकेतली ठेव आणि दागिनेही तिलाच. फ्लॅटबरोबर मासे सांभाळावे लागतील, अशी अट घालायचा माझा विचार होता. तिला विचारले. ती मिहानमधल्या कंपनीतून नुकतीच आली होती, गळ्यातले ओळखपत्रही काढले नव्हते.

"आई, मले माशांचं नको सांगू वं. माझ्या हातानं मनीप्लांट मेला. मनीप्लांट!"

"मग सरळ नाही म्हण."

"नाहीच म्हणून राहिली ना!"

एवढे स्पष्ट उत्तर मला आमच्या कुटुंबात पहिल्यांदाच मिळाले. म्हणून फ्लॅट तिला बिनशर्त.

२. माझे दिवंगत पती नागसेन यांची पुस्तके वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाला द्यावीत, कपाटासकट. म्हणजे कपाट नसल्यामुळे पुस्तके पोत्यात ठेवली, हे कारण कोणाला देता येणार नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. हॉलमध्ये सहा फुटी फिश टँक आहे. त्यात आफ्रिकेतल्या मालावी सरोवराच्या जातीचे एकोणीस सिक्लिड मासे आहेत; पिवळे, निळे, आणि एक म्हातारा नर, ज्याचा रंग आता सांगता येत नाही. हे मासे ज्याच्याकडे जातील त्याने खालील मजकूर पाठ करावा.

या माशांना मीठ लागत नाही. मालावी हे सरोवर आहे, समुद्र नाही. त्याचे पाणी जड आहे, खारट नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते; जे बेसाच्या बोअरच्या पाण्यात असते, आणि ज्यामुळे आमच्या इमारतीत गिझर, नळ आणि शेजारसंबंध खराब होतात. ज्या पाण्याला सगळी बेसा शिव्या देते, त्यात माझे मासे अंडी घालतात. अंडी मादी तोंडात धरते आणि तीन आठवडे काही खात नाही. त्या दिवसांत तिच्यासमोर उगाच काच ठोकू नये.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, जास्त नाही. फिल्टरमध्ये शंखशिंपल्यांचा चुरा आहे, तो काढू नये. पावसाळ्यात बोअरचे पाणी हलके पडते. तेव्हा तपासणीच्या बाटलीतले थेंब टाकून बघावे आणि जडपणा कमी असेल तरच वीस लिटरच्या बादलीला अर्धा चमचा खायचा सोडा व अर्धा चमचा मॅग्नेशियम सल्फेट घालावे. आधी बादलीत विरघळवावे, मग टँकमध्ये ओतावे. "अंदाजाने" हा शब्द या टँकजवळ उच्चारू नये. तपासणीची पेटी, काचेचे मापपात्र आणि माझी अकरा वर्षांची पाण्याची वही माशांबरोबर जाईल.

४. माझे थोरले बंधू मनोहरराव मेश्राम, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार धरमपेठ, यांच्याविषयी. २०२१ च्या दिवाळीत मी दहा दिवस पुण्याला गेले आणि घराची किल्ली त्यांना दिली. माझ्या आयुष्यातली ही दुसरी मोठी चूक. पहिली इथे लिहिण्यासारखी नाही.

त्यांना टँकच्या काचेवर पांढरा थर दिसला. माशांना घाण पाण्यात ठेवले आहे असे त्यांना वाटले. त्यांनी इमारतीसमोरच्या दुकानातून आरओचे वीस कॅन मागवले आणि सगळे पाणी बदलले. आरओ म्हणजे ज्यातले सगळे क्षार काढले आहेत असे पाणी. मासे तळाशी लोळू लागले. मग कोणीतरी त्यांना सांगितले की आफ्रिकन माशांना मीठ लागते. त्यांनी दोन किलो खडे मीठ ओतले. मी परत आले तेव्हा चौदा मासे पाठीवर तरंगत होते आणि दादा स्टुलावर बसून त्यांना नावाने हाका मारत होते. नावेही त्यांनीच ठेवलेली.

"माणसाले जे पाणी चांगलं, ते माशाले काहून वाईट वं, प्रेमिला?"

"आणि मीठ?"

"मीठ तं सगळ्यायलेच लागते!"

मी म्हटले, "दादा, तुमच्या हाती किल्ली देण्यापेक्षा मी मांजराच्या हाती द्यायला हवी होती." त्यांनी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि जिना उतरले. त्यानंतर चार वर्षे आम्ही बोललेलो नाही. भाऊबीजेला ते येत नाहीत, मी बोलावत नाही. म्हणून या कलमाने त्यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही, असे मी गेल्या शनिवारी लिहिले होते. ते वाक्य रद्द समजावे. कारण कलम ६ मध्ये आहे.

५. आमच्या गृहनिर्माण संस्थेने पाणी मऊ करणारे यंत्र बसवले आहे. ते पाण्यातले कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते. म्हणजे दादांनी दिवाळीत केले तेच, पण ठराव पास करून. माझ्या विरोधाची नोंद इतिवृत्तात "इतर विषय" या सदरात आहे. संस्थेला मी काहीही देत नाही. मात्र पंप सांभाळणारे नत्थूजी यांनी यंत्राच्या अलीकडे, पंपाजवळ, मूळ पाण्याचा एक नळ माझ्यासाठी काढून दिला. तो कोणी बुजवू नये.

६. मासे कोणाला द्यावे, हे ठरेना. कॉलेजचे प्राचार्य घ्यायला तयार होते, पण त्यांना टँक शोभेसाठी दरवाजात हवा होता, उन्हात. मग मागच्या रविवारी मी नत्थूजींना म्हटले की माझ्यानंतर त्या नळाचे पाणी कोणी नेणार नाही.

नत्थूजी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "नेऊन राहिले ना, ताई. भाऊ नेते."

"कोणते भाऊ?"

"तुमचे. धरमपेठचे. दर इतवारी नऊ वाजता येते, दोन कॅन भरते, स्कूटरवर बांधते. दोन सालं झाले. तिकडलं नळाचं पाणी हलकं हाय म्हणते, मासे सुस्त पडते. मले म्हणे, ताईले सांगू नको गा, थे हासन."

मी हसले नाही. चौकशी केली. सीताबर्डीतल्या दुकानात मी जी पिल्ले देते, त्यातलीच आठ दादांनी विकत घेतली आहेत. दोन वर्षांत त्यांचा एकही मासा मेलेला नाही. माझे दोन मेले.

म्हणून, दुखावलेले मन पूर्ण शाबूत ठेवून आणि चौदा मासे न विसरता, एकोणीस मासे, टँक, पेटी, मापपात्र व वही मी मनोहरराव मेश्राम यांना देते. ज्याच्या हातून एकदा असे झाले आणि तरीही जो दर रविवारी जड पाणी वाहून नेतो, तो अंदाजाने काही घालणार नाही. माफी या दस्तऐवजात समाविष्ट नाही. ती मालमत्ता नव्हे. द्यायची तर तोंडी देईन.

७. मृत्युपत्रात जिवंतपणीचे कलम चालत नाही, असे वकीलबाई म्हणतात. चालवून घ्यावे. उद्या रविवार आहे. नऊ वाजता दादा आले की नत्थूजींनी त्यांना कॅन भरू देऊ नयेत, नळाची चावी स्वतःजवळ ठेवावी आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवावे. लिफ्ट बंद असली तरी. पोहे दोघांपुरते केलेले असतील.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: प्रेमिला नागसेन गजभिये

साक्षीदार:
१. नत्थूजी धोंडबा उईके, पंपचालक, बेसा (कलम ७ त्यांना दोनदा वाचून दाखवले, "पाठवतो ना, ताई" म्हणाले)
२. वंदना रामटेके, सहकर्मचारी, नागपूर

ठिकाण: बेसा, नागपूर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार