निळ्या किटलीचे झाकण आणि इतर जंगम मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, दातांच्या लॅबमधून निवृत्त, चष्मा पुसून, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. माझ्याकडून जबरदस्तीने काही करून घेणे माझ्या आईलाही कधी जमले नव्हते. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती दोन्ही आजपासून रद्द समजावीत. दुसऱ्यात एका झाकणाविषयी जे लिहिले होते ते रागात लिहिले होते. वकिलांना ते आठवत असेल तर त्यांनी विसरावे, ही विनंती.

माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. एक्केचाळीस वर्षे मी लोकांचे खोटे दात केले. त्या दातांनी किती जणांनी काय काय चावले असेल याचा विचार करते तेव्हा मला समाधान वाटते.

कलम एक. दुसऱ्या मजल्यावरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट, स्वयंपाकघर आणि मागच्या गॅलरीसह, माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावा. भाची म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिची आई एकोणीस वर्षे हा जिना चढलेली नाही, पण भाची दर रविवारी चढते. ती व्यायामोपचार करणारी असल्यामुळे येताक्षणी माझे गुडघे दाबून बघते आणि मगच चपला काढते. तिच्या आईने तिला इथे यायला कधी अडवले नाही आणि परत गेल्यावर माझी चौकशीही कधी केली नाही, असे ती सांगते. यातले दुसरे खोटे असावे असा मला संशय आहे.

कलम दोन. काचेच्या तीन कपाटांतली सर्व चिनी मातीची भांडी, एकूण नग दोनशे बारा, हीही भाचीलाच. त्यात डेन्मार्कची निळी-पांढरी ताटे, कप आणि बश्या आहेत. स्वीडनचा हिरव्या पानांचा सेट आहे, ज्यातली एक बशी कमी आहे आणि ती का कमी आहे हे भाचीला चांगले ठाऊक आहे. फिनलंडच्या जाड काठाच्या तपकिरी वाट्या आहेत. आणि तिकडच्या कुंभारांनी एकेकटी घडवलेली, बुडाशी बोटांच्या खुणा राहिलेली भांडी आहेत. सगळी पन्नास ते ऐंशी वर्षांपूर्वीची.

हा नाद मला कसा लागला ते लिहून ठेवते, कारण नातेवाइकांत याबद्दल बऱ्याच कंड्या पिकल्या आहेत. मी दिवसभर पोर्सिलेनचे दात भाजत असे. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची एक पट्टी आमच्या हाताशी असते, ती मला पाठ होती. एकदा बंदराजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात एक बशी दिसली. जहाज कंपनीतले कोणी डॅनिश कुटुंब मायदेशी परतताना घरातले सामान विकून गेले होते, त्यातली. तिचा पांढरा माझ्या सोळांत कुठेच बसेना. मी पट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तरी बसेना. मग मी ती बशी घरी आणली, आणि पुढची चाळीस वर्षे आणतच राहिले.

भांडे घ्यायच्या आधी त्याच्या काठावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. तडा असला तर आवाज बसका येतो. मग ते उलटे करून बुडावरचा शिक्का बघायचा. ही सवय पुढे हाताबाहेर गेली. लोकांच्या घरी वाढलेले भांडे डोक्यावर धरून मी त्याचे बूड पाहिले आहे, एकदा तर सूपसकट. भाची लहानपणी मला टिचकीमावशी म्हणायची, आणि लाज नसल्यामुळे अजूनही म्हणते.

अट एकच: भांडी रोज वापरावीत. फुटले तर फुटले म्हणावे आणि तुकडे चपला घालून गोळा करावेत.

या कपाटांत एक वस्तू नगांत न मोजलेली आहे, ती म्हणजे आमच्या ह्यांची स्टीलची थाळी. हे बंदरात क्रेन चालवायचे. टनावारी माल अलगद उचलून ठेवणारा माणूस, पण माझ्या एकाही ताटात जेवला नाही. "त्या ताटात जेवायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," म्हणायचे. ते गेल्यावर थाळी मी मधल्या कपाटात बरोबर मध्यभागी उभी केली. ती तिथेच राहावी. मला त्यांची रोज आठवण येते.

कलम तीन. कपाटांबाहेर ठेवलेला, स्वीडनमधल्या एका कुंभारणीने केलेला काळपट वाडगा त्याच जुन्या सामानाच्या दुकानाच्या मालकांना द्यावा, ज्यांना आम्ही सगळे 'शेवटचा भाव' म्हणतो. हा वाडगा त्यांच्या गल्ल्याशेजारी गंजक्या स्क्रूंनी भरलेला असायचा. मी किंमत विचारली तेव्हा त्यांनी स्क्रू तोलून दिले आणि वर म्हणाले, "वाडगा राहू द्या बाई, तो तुम्हाला फुकट." मी तोंडातून अक्षर काढले नाही. बुडावर कुंभारणीचे नाव कोरलेले आहे, ते त्यांनी खुर्चीवर बसून वाचावे. स्क्रू मी जपून ठेवले आहेत, तेही त्यांना परत.

कलम चार. दात भाजायची छोटी भट्टी, ब्रश, मेणाच्या सुऱ्या आणि छटांची पट्टी माझ्यानंतर लॅब चालवणाऱ्या बाईंना मिळावी. आम्ही बावीस वर्षे शेजारी-शेजारी बसलो. त्यांचे दात माझ्यापेक्षा सुबक व्हायचे हे मला माहीत होते आणि मी ते त्यांना कधी कळू दिले नाही. आता ते लेखी आहे. माझे भिंग मात्र त्यांना देऊ नये. ते ड्रॉवरमध्येच राहू द्यावे. कारण पुढे येईल.

कलम पाच. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना, खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूच, नग चार. ते खुर्ची ओढतात तेव्हा माझे कप कपाटात कुजबुजतात. हे मी अकरा वर्षे तोंडी सांगितले आहे.

कलम सहा. बँकेत जे काही असेल ते भाचीचे. त्यातून आधी जिन्यातला दिवा बसवून घ्यावा.

कलम सात. इथपर्यंतचे मी मागेच एका रविवारी एका बैठकीत लिहिले. हे कलम मात्र तीनदा लिहून तीनदा फाडले.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी बहीण वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली. तोपर्यंत तिने स्वतःचे म्हणून काही कमावले नव्हते. पहिल्या पगारात तिने माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसासाठी डेन्मार्कची एक निळी-पांढरी किटली आणली. याच खोलीत आठ-नऊ माणसे जमली होती. मी डोळ्यात पकडायचे भिंग लावले, डाव्या हाताने झाकण काढले आणि उजव्या हाताने किटली उलटी केली. बुडावरच्या शिक्क्यावरून एक आडवा ओरखडा गेला होता. भट्टीतून निघालेल्या भांड्यात काही उणे दिसले की कारखान्यात शिक्क्यावर असा ओरखडा काढतात. भांडे विकतात, पण दुय्यम म्हणून. मी म्हटले, "दुय्यम आहे." आणि कोणाला ऐकू गेले नसेल म्हणून पुन्हा म्हटले.

बहिणीने माझ्या हातातून किटली घेतली, पिशवीत घातली आणि ती निघून गेली. झाकण माझ्या डाव्या हातात राहिले.

मी बरोबर होते. एकोणीस वर्षे मी बरोबरच होते, आणि त्या बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. ती चिडली याचा मला आधी राग आला, मग ती येत नाही याचा राग आला, आणि मग मला भीती वाटायला लागली की ती येणारच नाही. दोन लग्नांत आणि एका मयतीत आम्ही हॉलच्या दोन टोकांना उभ्या राहिलो. झाकण मी दातांच्या साच्याच्या डब्यात, कापसात ठेवले. 'शेवटचा भाव' यांनी एकदा त्याच नक्षीची बिनझाकणाची किटली शोधून दिली. मापाला माप जुळत होते, तरी झाकण तिच्यावर खडखडत राहिले. किटली आणि झाकण बरोबर भाजतात. आगीत एक जरा वाकले की दुसरेही तसेच वाकते, म्हणून ती जोडी दुसऱ्या कशाशी जमत नाही. ती किटली मी परत केली.

म्हणून चौथ्या वेळी मी या कलमात लिहिले की झाकण माझ्या पश्चात माझ्या बहिणीला द्यावे. भाचीने ते वाचले आणि घरी जाऊन आईला सांगितले. उत्तर काही आले नाही. मला रडू आले, हेही लिहून ठेवते.

इकडे वकिलांनी नवेच सांगितले. दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते देणे बाद होते. एक साक्षीदार आमचे डॉक्टर. त्यांना मी जिवंतपणीच भरपूर दिले आहे. दुसरे कोण? भाची बाद, लॅबवाल्या बाई बाद, 'शेवटचा भाव' बाद, चार बुचांपायी मास्तरही बाद. वकील म्हणाले, तुमचा विश्वास आहे पण तुम्ही ज्याला काहीच देणार नाही, असे एक माणूस शोधा. मी म्हटले, विश्वासाची सगळी माणसे वर लिहून झाली. भाची शेजारी बसून ऐकत होती, आणि चहा न घेताच घरी गेली.

आज मंगळवारी सकाळी अकराला, वकील आणि डॉक्टर येऊन बसले असताना, पुन्हा बेल वाजली. दारात माझी बहीण उभी होती, जिन्यामुळे दम लागलेली, हातात पिशवी. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. कोणती छटा ते मी बघितले नाही.

"काहीच न मिळणारी बाई हवी आहे ना?" ती म्हणाली. "मी आले."

मी म्हटले, "तुला मिळतंय. झाकण. सातव्या कलमात लिहिलंय."

"मग ते खोड. मेल्यावर द्यायचं असेल तर मला नको. आत्ता दे, ताई."

तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली किटली काढली. मी डबा आणला, कापूस बाजूला केला आणि झाकण ठेवले. ते बसले. खडखडले नाही.

"एकोणीस वर्षं हिच्यावर बशी झाकून चहा केलाय मी," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे बघत, मला म्हणाली, "दुय्यम आहे हे मला दुकानातच सांगितलं होतं. चांगलीला माझा पगार पुरत नव्हता. तुला कळणार हेही माहीत होतं. फक्त तू बोलणार नाहीस असं वाटलं होतं."

मी म्हटले, "चुकलं माझं." इतकेच म्हटले.

भाचीने तेवढ्यात चहा केला. दोनशे बारा नगांतून पाच कप काढले, सगळे वेगवेगळ्या सेटचे, आणि मी काही बोलले नाही. बहीण म्हणाली, "काय उणं आहे ते शोधायचं असेल तर बघ उलटून, हिच्यात चहा ओतायच्या आत." भिंग ड्रॉवरमध्ये होते, हाताच्या अंतरावर.

तरी कलम सात येणेप्रमाणे रद्द. सदर झाकण आज माझ्या हाताने, माझ्या हयातीत, जिचे तिला दिले असून ते माझ्या मिळकतीत राहिलेले नाही. ते किटलीसह तिच्या घरी जाईल. पुढच्या मंगळवारी चहा तिकडे आहे. या मृत्युपत्राचा अंमल त्याआधी होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल.
तारीख: नऊ मार्च, चहानंतर.

सही
(लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिला. वरील बाईंनी सर्व मजकूर स्वतः वाचून, पूर्ण शुद्धीवर असताना माझ्यासमोर सही केली. रक्तदाब उत्तम.
सही
(डॉक्टर)

साक्षीदार दुसरी. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. ताईने माझ्यासमोर सही केली. त्याआधी तिने माझ्यासमोर किटली उचलली आणि उलटी न करता पाच कप चहा ओतला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.
सही
(धाकटी बहीण)