सख्ख्या बापाचं भाकीत

रेजिना, कॅनडा

सौ. जयाला तिच्या आक्काचा प्रेमाचा जयभीम.

कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारी तू, मला विसरलीस यात नवल काय! माझे गुडघे बरे आहेत. भाऊजींचा खोकला थांबला का?

हे पत्र माझा मिलिंद लिहून घेतोय, म्हणून मुद्दाम त्याचीच चुगली सांगते.

याच्या ऑफिसात दर सोमवारी पैज लागते, शनिवारी कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये कोण जिंकणार याची. आपला निमिष इथल्या कॉलेजकडून खेळतो. आणि या सख्ख्या बापानं नाव दिलं समोरच्या टीमचं! पोट्ट्यानं ते याच्या फोनवर पाहिलं. “डोन्ट कम, डॅड,” एवढंच म्हणाला आणि ताट घेऊन बेसमेंटमध्ये गेला. तेव्हापासून तिथंच जेवतो.

हा वर मलाच शिकवतो, “आई, प्रेडिक्शन डोक्यानं करायचं असतं, मायेनं नाही.”

अस्सं? तुझे हेडमास्तर म्हणाले होते, हा दहावीत आपटणार. तेव्हा मी डोकं वापरलं असतं, तर आज गावात म्हशी राखत असतास.

थांबलास का? लिही.

जया, शनिवारी मी ब्लँकेट घेऊन ग्राउंडवर जाणार. शेजारची एक जागा धरून ठेवीन.

पोराबाळांना माझे मुके.

तुझी आक्का
(अंगठा माझा, अक्षर गुन्हेगाराचं)

ता. क. निमिषला मुगाच्या वड्या पाठव. मिलिंदला नुसती वाळवलेली कारली. शनिवारी तो माझ्या शेजारी येऊन बसला, तर ती मी खाईन.