आईचं बेणं

आई, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, तरी घरी आलेली प्रत्येक बाई धाकटीची हनुवटी धरून म्हणते, "अक्षी आईवर गेलीया." मग माझ्याकडं बघून विषय बदलते. तू तर सरळच म्हणायचीस, "ही माझं बेणं, ती बापाचं." सगळे हसायचे. मीही हसायचे.

एकदा आपण बांधावर बसून उसाच्या लागणीचं बेणं तोडतोय. तुझ्या कोयत्याखाली कोंब फुटायच्या दोन-दोन डोळ्यांची टिपरी सरासरा पडतायत. माझा घाव नेमका डोळ्यावर बसतो. "आगं, डोळा फोडलास. आता काय उगवंल त्यातनं, तुझं शिक्षान?" म्हणतेस, आणि माझा कोयता काढून धाकटीच्या हातात देतेस. तिचा घाव बरोबर पडतो.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आता कराडला कॉलेजात तासिकेवर जीवशास्त्र शिकवते. आपल्या पेशीतही असंच बेणं तुटतं, आई. आरएनएच्या लांब धाग्यातून मायक्रोआरएनए नावाची बारीक टिपरी कापली जातात आणि कुठल्या जनुकानं किती बोलायचं, हे ती आवरतात. ती कापणारी प्रथिनं म्हणजे पेशीतला कोयता; त्याच्या घडणीतच जन्मतः बारीक फरक असू शकतो, आईबापाकडून आलेला. घाव जरा इकडंतिकडं पडला तर कॅन्सरचा धोका थोडा कमीजास्त होऊ शकतो. एवढ्यानं काही ठरत नाही. पुरावाही अजून कच्चाच आहे.

हे शिकवून घरी आले तर धाकटी दारातच. "तायडे, समदी म्हंत्यात मी आईवर गेलीया. मग आईच्या गाठीचं दुखणंबी मलाच हुनार न्हवं?" तिचे डोळे भरलेले, आणि मला तिचा हेवा वाटला. तुझं दुखणंसुद्धा तिनं आपल्याच वाट्याला धरलं होतं. तोंडावळ्याचा याच्याशी संबंध नाही, आईचं निम्मं माझ्यातही आहे, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "जेवून घे." महिनाभर ती भीत राहिली.

काल सांगितलं. ती हसली. "म्हंजे तूबी आईचंच बेणं की गं."

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून सांगते. आज आम्ही दोघी सांगलीला तपासणीला गेलो. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, "आईला कॅन्सर हुता, ती मुलगी कोणची?" धाकटी उठायच्या आत मी उठले.