फ्रिजवरचा खेकडा

बजाजनगर, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी

आदरणीय आक्का,

सप्रेम जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग. पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि जे ऐकू येतं ते तू मान्य करत नाहीस, मधेच "बरं, ठेवते" म्हणून ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवलं तरी ते तिथंच पडून राहतं, म्हणून पत्र. तुझा गुडघा कसा आहे? त्याला आपण आजवर वात म्हणत आलो. तो आर्थ्रायटिस आहे. आर्थ्र म्हणजे सांधा आणि आयटिस म्हणजे सूज. (दुखायचं तेवढंच दुखतं, पण नाव कळलं की दुखण्याला जरा वट येते.) दाजींच्या पोटात जळजळतं ते गॅस्ट्रायटिस असावं. गॅस्ट्र म्हणजे जठर. त्यांना सांग, जठर बदलून मिळत नाही, तंबाखू सोडा.

तुला वाटेल, पुंडलिकानं कंपनीतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरकी मांडली. तसं नाही. संध्यानं बी.एस्सी. झाल्यावर शहरात एक क्लास लावला आहे, मेडिकल कोडिंगचा. दवाखान्यातले रिपोर्ट वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला नंबर लावायचा, असं ते काम असतं. आधी शब्द यावे लागतात, आणि शब्द असे की वाचतानाच दम लागतो. पण तिचे सर म्हणाले, घोकू नका, फोडा. मधला तुकडा म्हणजे शरीरातला अवयव, शेवटचा तुकडा म्हणजे त्या अवयवाचं काय झालं ते, आणि कधीकधी पुढं एक तुकडा लागतो, तो सांगतो किती, कुठं, कसं. हे मला एका बैठकीत कळलं. एकतीस वर्षं मी फिटर होतो, मला काय, पार्टच जोडायचे. दोन तुकडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे एक "ओ" टाकतात, तो आपला वॉशर. संध्या म्हणाली, पप्पा, सरांपेक्षा तुम्ही सोपं सांगता. बास, इथून माझं डोकं फिरलं.

तिनं घरभर कार्डं चिकटवली. पोरगी हुशार, प्रत्येक कार्डावर चित्र काढलेलं, खाली इंग्रजी शब्द आणि त्याखाली मराठी. पाण्याच्या माठावर नेफ्रो, म्हणजे मूत्रपिंड. गॅसच्या वरच्या फरशीवर हिपॅटो, म्हणजे यकृत. फ्रिजवर कार्सिन, त्याच्यावर लाल खेकडा, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थच खेकडा आणि त्यावरून कॅन्सरला ते नाव पडलं. एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, हे तिनं बाथरूमच्या दारावर का लावलं ते मला माहीत नाही, मी आठवडाभर घाईघाईत आंघोळ केली. सुलेखाला कार्डांचा राग यायचा. धूळ तिलाच पुसावी लागायची. मी दिवसभर ज्याला त्याला शब्द फोडून दाखवायला लागलो तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या जिभेला आयटिस झालंय, आता एक्टॉमीच करावी लागंल." (सातवी शिकलेली बाई. मी हसलो. ती कुठून शिकली हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.)

आता माझे पराक्रम ऐक. हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त. दोन्ही शब्द माझ्या कानाला सारखेच. माझ्या बी.पी.च्या कागदावर हायपरटेन्शन लिहिलेलं, मी ते कमी समजून चार दिवस मीठ घालून लिंबूपाणी प्यायलो. पाचव्या दिवशी अंगणातली तुळस मला दोन-दोन दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजोबा, नशीब समजा.

त्याच्यापेक्षा वाईट कडुबाचं झालं. कडुबा आमचा शेजारी, माझ्याच कंपनीतला, मूळ करमाडकडचा. त्याच्या मानेवर कैक वर्षांची गाठ होती, सून मागं लागली म्हणून त्यानं सुईची तपासणी केली आणि कागद घेऊन आला माझ्याकडं. कागदावर लायपोमा. मला ओमा माहीत होता, ओमा म्हणजे गाठ, आणि तोपर्यंत मी ऐकलेल्या ओमांपैकी एकही भला निघाला नव्हता. लायपो माहीत नव्हता, ते कार्ड माळ्याजवळ लावलेलं आणि माझा चष्मा तिथवर पोचत नाही. मी कडुबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मन घट्ट कर, ज्यांना भेटायचं त्यांना भेटून घे. दिवस मावळायच्या आत करमाडहून दोन जीपा भरून माणसं आली. बाया रडल्या. कडुबा आणि त्याचा धाकटा भाऊ फकिरा यांची बांधावरून अकरा वर्षं केस चालू आहे, तोही आला. कडुबानं भर घोळक्यात त्याला जवळ घेतलं आणि म्हणाला, बांध तुझा, मला आता काय करायचाय. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, लायपो म्हणजे चरबी, ही साधी चरबीची गाठ, राहू द्या नाहीतर काढा. कडुबाला जगल्याचा आनंद व्हायच्या आधी बांध गेल्याचं दुःख झालं. फकिरा म्हणतो, शब्द तो शब्द. कडुबा माझ्याशी बोलत नाही. त्या दिवसापासून मी एक शिकलो, ओमा ऐकून घाबरायचं नाही, ओमाच्या आधी काय लागलंय ते बघायचं.

आक्का, इथपर्यंतचं मी बऱ्याच जणांना सांगितलंय आणि सगळे हसलेत. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीपासून सुलेखा म्हणत होती, पोट गच्च वाटतं, चार घास खाल्ले की भरतं. मी म्हणालो, गॅस्ट्रायटिस. मला तेव्हा पन्नास शब्द येत होते, त्यातला एक तिला लावून टाकला. ओवा दिला, लिंबू-सोडा दिला, मेडिकलवाल्या गोकुळकडून गोळ्या आणल्या. तिचं पोट वाढत गेलं आणि हात-गळा वाळत गेला, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला गॅस्ट्रायटिस फोडून दाखवत होतो. जानेवारीत संध्याच तिला ओढून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, मोठ्या मशीनमध्ये घातलं, तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, शांत बोलतात. त्यांनी सुलेखाचं पोट तपासलं आणि ती पडद्यामागं लुगडं सावरत होती तेव्हा त्या शेजारच्या शिकाऊ डॉक्टरशी इंग्रजीत बोलल्या. मला इंग्रजी येत नाही, मला फक्त तुकडे येतात. आधी त्या म्हणाल्या, असायटिस. माझा जीव भांड्यात पडला. आयटिस म्हणजे सूज, सूज उतरते. (नंतर कळलं, तो आपला आयटिस नव्हेच. त्याचा अर्थ पोटात पाणी साचणं. शब्दसुद्धा माणसाला फसवतात.) मग त्या म्हणाल्या, कार्सिनोमा. मी शिकल्याप्रमाणं ओमाच्या आधी काय लागलंय ते बघितलं. लाल खेकडा होता. मी संध्याकडं बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती आणि पेनातून शाई येत नव्हती.

बाई म्हणाल्या, सोमवारी घरच्यांनी या, सविस्तर बोलू. बाहेर आल्यावर संध्या मला म्हणाली, "काही नाही पप्पा, सूज आहे. पाणी झालंय, ते काढतील." मी म्हणालो, "व्हय का, मग बरं." लेक खोटं बोलली हे मला तिनंच शिकवलेल्या शब्दानं कळलं, आणि मला कळलंय हे मी तिला कळू दिलं नाही. असे आम्ही दोन शहाणे रिक्षात बसलो, सुलेखा मधे. ती म्हणाली, रिक्षा मंडईवरून घ्या, मेथी घ्यायचीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडायला बसली. मी पेपर धरून बसलो होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "संध्या, फ्रिजवरचा खेकडा कुठं गेला?"

मी फ्रिजकडं बघितलं. कार्ड नव्हतं. संध्या म्हणाली, "पडला असंल."

"चिकटपट्टी ओरबाडून काढलीय. पडलेलं असं दिसत नाही."

सुलेखा एकेक पान खुडत होती. म्हणाली, "दोन महिने मी त्याला रोज पुसतीय. खाली काय लिहिलंय ते मला पाठ आहे. बाईंनी तोच शब्द काढला. पडद्यामागं मी लुगडं सावरत नव्हते, ऐकत होते."

संध्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी पेपर खाली ठेवला नाही, कारण मग माझं तोंड दिसलं असतं. सुलेखानं तिला रडू दिलं, मग विचारलं, कुठपर्यंत गेलाय. संध्यानं सांगितलं, गर्भाशयाच्या बाजूला अंडाशय असतं तिथं सुरू झाला, आता पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलाय. त्यालाही शब्द आहे, मेटास्टॅसिस. मेटा म्हणजे पलीकडं, स्टॅसिस म्हणजे थांबणं. पलीकडं जाऊन ठाण मांडलेलं. तुला आठवतं का, गोदावरीच्या पात्रात आपण खेकडे धरायचो, एक दगड उचलला की तो आडवा पळून दुसऱ्या दगडाखाली जायचा. मला तेच दिसत राहिलं.

मी कान धरले, म्हणालो, मी तुला गॅस्ट्रायटिस म्हणत बसलो. ती म्हणाली, तुम्ही नसतं म्हटलं तरी मी गेले नसते, पोरीच्या क्लासचे दिवस होते. मग म्हणाली, एक लक्षात ठेवा, आता या घरात मला कुणी सूज म्हणायची नाही. तिनं संध्याच्या वहीतून कार्ड काढलं आणि परत लावलं, पण फ्रिजच्या बाजूच्या अंगाला. रोज समोरून बघायची गरज नाही म्हणाली.

सोमवारी बाईंसमोर सगळे प्रश्न तिनंच विचारले. आधी तीनदा सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन, मग परत तीनदा. ऑपरेशनचं नाव बाईंनी कागदावर लिहून दिलं, त्यात दोन वेगवेगळ्या एक्टॉमी आहेत आणि मधे वॉशर. ते नाव ओळभर लांब आहे. घरी येऊन मी ते फोडत बसलो, तर जिथं तिथं काढायचंच निघालं, आणि एवढ्या शब्दात माझी बायको कुठं उरते ते मला सापडेना. कागद घडी करून ठेवला. बरं होण्याचा आकडा बाईंनी सांगितला नाही. मी विचारणार होतो, सुलेखानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

पोटातलं पाणी काढलंय. परवापासून ती दोन भाकरी खाते. मी आता कुणाला शब्द फोडून दाखवत नाही. बाकी सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दाजींना जय भीम, सुनेला, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
पुंडलिक

ता. क. सुलेखाचं पहिलं औषध १९ तारखेला आहे, तीन दिवस भरती राहायचंय. बायांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं, मला दारातच अडवतात. संध्याची परीक्षा २० आणि २१ ला आहे. ती म्हणते, परीक्षा सोडते. सुलेखा म्हणते, परीक्षा सोडलीस तर मी औषध सोडते. तीन दिवस झाले, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. आक्का, तू येशील का? मला माहीत आहे, चार वर्षांपूर्वी तू तुझ्या दिराच्या मुलाचं स्थळ संध्यासाठी आणलंस, तेव्हा सुलेखा तुला तोंडावर म्हणाली की माझी पोरगी शिकणार आहे, तुमच्या घरची चूल फुंकणार नाही. तेव्हापासून तू आमचा उंबरा चढली नाहीस. पण मला दुसरं कुणी नाही.

ता. क. २. हे पत्र टाकायच्या आधी सुलेखानं मागून घेऊन वाचलं. ती खाली काहीतरी लिहितेय. मला बघू देत नाही.

आक्का, जय भीम. यांनी लिहिलंय की पेपर खाली ठेवला नाही. पेपर उलटा धरला होता, ते लिहिलं नाही. दवाखान्यात मला बघायला नर्स आहेत. तुम्ही खरं तर यांच्यासाठी या. हे नळ सोडून न्हाणीत रडतात, टाकी रिकामी होते, आणि मोठ्या बहिणीशिवाय हे कुणाचं ऐकत नाहीत. तुम्हाला रडायचं असंल तर तुमच्या गंगापुरातच रडून या, इथं आधीच दोघं आहेत. चार वर्षांपूर्वी मी जे बोलले ते मी मागं घेत नाही. पण या.

सुलेखा