रताळ्याच्या नूडल्स

हर्षिता,

सकाळी शेजारच्या राजलक्ष्मीअक्कांसमोर मी बोलून बसले, "आमच्या सूनबाईंना एकादशी कळत नाही, कोरियन नूडल्स वाढतात," आणि ताट सारलं. तू ऑफिसला निघून गेलीस. मग ओट्यावरचं पाकीट वाचलं. नुसतं रताळ्याचं पीठ. कढईत पाहिलं तर सोया सॉस नाही, कांदा नाही. तुपावर परतलेला बटाटा, लाल भोपळा, वर दाण्याचं कूट. माझ्या उपासासाठीच केल्या होत्यास.

गार झालेल्या खाल्ल्या. मीठ स्वल्प कमी होतं, तेवढंच.

उरलेल्या नूडल्स डब्यात भरून अक्कांकडे चालले आहे. त्यांच्यासमोर बोलले, तर त्यांच्यासमोरच मागं घेईन. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून आलीस आणि ही चिठ्ठी वाचलीस की सरळ तिकडेच ये. तोवर डबा उघडणार नाही, आणि तोंडही.

आई