वास ताईलाच यायचा

आबा, काल मी वाढवलेला डुकराचा पहिला नर कापला. वयात आलेल्या नराच्या चरबीला उग्र वास सुटतो, म्हणून आपल्या वस्तीवर सगळेच पिल्लं लहानपणीच खच्ची करतात. तुम्ही कधी केली नाहीत, म्हणून मीही केली नाहीत. पदवी घेऊन यवतला परतले आणि डुकरं पाळते म्हणाले, तेव्हा लोक हसले. हसू देत. पिल्लाला ब्लेड न लावताही मटण चवीचं होतं, हे मला दाखवायचं होतं. ताईनं एकच अट घातली होती, "ह्याला वास आला, तर पुढची सगळी पिल्लं खच्ची करायची. मग तुझं ऐकनार न्हाई."

तुमचा तवा मला अजून दिसतो. नर कापला की तुम्ही चुलीवर चरबीचा तुकडा टाकता आणि हाक मारता, "ये गं, नाक लाव." हाक ताईलाच. ती डोळे मिटून वाकते आणि मान हलवते, मग तुम्ही तो तुकडा मीठ लावून तिलाच देता. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेली. एकदा उठून आले, तर म्हणालात, "तू आभ्यास कर. तुझं काम हितं न्हाई." दुसऱ्या दिवशी दौंडच्या बाजारातून माझ्यासाठी कंपासपेटी आणलीत. वर्गात तशी कुणाकडे नव्हती. मला ती नको होती, आबा. शाळा सोडलेल्या माझ्या बहिणीचा मी तेव्हापासून हेवा करत आले, आणि तुम्ही गेल्यावरही तो गेला नाही.

नराला मी माद्यांपासून लांब ठेवलं होतं. खाली कोरडं, खायला मका आणि ढाब्यावरच्या उरलेल्या भाकऱ्या. पुरता वयात यायच्या आतच कापला. काल तव्यावर चरबी तडतडली आणि ताईच्या आधी मीच वाकले. छान खमंग! "वास नाहीच," मी म्हणाले. शेजाऱ्यांनी त्याच दिवशी पैदाशीसाठी खच्ची न करता ठेवलेला एक थोराड नर कापला होता. त्याची चरबी मागून आणून ताईनं तव्यावर टाकली.

"आता हे हुंग."

"हेही चांगलंच आहे की."

ताई पदर नाकाला लावून हसत खालीच बसली. "अगं बाई, मुताचा भपकारा येतोय! मानूस ताटावरनं उठून पळंल, आन् हिला चांगलं लागतंय! आबांवर गेलीस बघ."

"म्हणजे?"

"त्यांनाबी येत नव्हता हा वास. मामाच्या लग्नात असलंच मटान घालून बसले व्हते. वऱ्हाड ताटं सोडून उठलं, आन् आबा आपले वाढत्यात, घ्या की, घ्या की! तवापासून मला बोलवायचे. कुनाला सांगू नको म्हनले व्हते."

मग तिनं आपल्या नराचा तुकडा पुन्हा हुंगला, बराच वेळ. "ह्यो चांगला हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे पिल्लं तशीच."

म्हणजे मी जिंकले, आणि तेही तिच्याच नाकावर. तुम्ही तिला लाडानं बोलवत नव्हता, गरजेनं बोलवत होता, हे कळल्यावर माझा हेवा संपायला हवा होता. उलट तो वाढला. वऱ्हाडासमोर झालेली तुमची फजिती इतकी वर्षं तिनं जपली. मला ती आता कळते आहे, तीही हसता हसता.

हे मी ताईला वाचून दाखवणार नाही. सकाळपासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे की धाकटी अगदी आबांवर गेली आहे, आणि मला ते ऐकायला बरंही वाटतं. पण खरं सांगते, आबा, तिचं नाक मला मिळालं असतं, तर तुमच्यावर गेले नसते तरी चाललं असतं.