नववा मेंबर

११ नोव्हें. २००१
ओझरच्या गणपतीला जाऊन येऊ, गावचे पुढारी आप्पा म्हणाले, बसलो त्यांच्या जीपमध्ये. कुठं जायचं म्हटलं की आपले पाय आधी निघतात. इलेक्शनलाही तेच. मी भीमाशंकरच्या रानात, इकडं वस्तीनं माझं नाव दिलं, बिनविरोध मेंबर. आता सरपंच निवडायचाय, बाईची जागा. आप्पांच्या सुनेकडं चार, आमच्या वस्तीच्या कमळअक्काकडं चार. नववा मी.
दर्शन झालं. जीप गावाकडं वळलीच नाही. बोरीला, आप्पांच्या मळ्यात.

१२ नोव्हें.
चौफेर ऊस. फाटकाशी गेलो तर दगडू ड्रायव्हर : "पावणं, आत व्हा. बिबट्या हाये."
"दिवसा?"
"त्याला घड्याळ कुठंय."
आप्पांचे तिघं मेंबर पत्ते कुटतायत. मीही बसलो, जिंकलो, मग आठवलं की आपल्याला इथं कोंडलंय.
सांजेला आप्पांनी खंडोबापुढं भंडारा उचलायला लावला, मत सुनेलाच म्हणून. तिघांनी उचलला. मग मी पण.

१३ नोव्हें.
उमेदवार चुलीपाशी. शोभावहिनी सकाळपासून भाकऱ्या थापतायत. म्हटलं, सरपंच होणार तुम्ही. "मला कुणी इचारलंय? पण भावजी, तुमी फिरलात तर माझ्यावर येईल. म्हणतील, हिनं धड जेवाय घातलं न्हाई."
अजून एक भाकरी वाढली. खाल्ली.

१४ नोव्हें.
अक्का आली, एस.टी. बदलत बदलत. दगडूनं फाटक उघडलं नाही, बोलू दिलं. तिला वस्तीची वेगळी ग्रा.पं. पायजे. नळ आला गावात, वस्तीवर नाय. सरपंच झाली तरच ठराव मांडता येईल.
भंडाऱ्याचं सांगून टाकलं. अक्का म्हणाली, "देवाचं मोड म्हणत न्हाई. पण शोभीसाठी हात वर करशील तवा माझ्याकडं बघून कर."
ऊन लई म्हणून दगडूच तिला जीपनं स्टँडवर सोडायला गेला. फाटक उघडंच. मी पायरीवर बसून राहिलो. उसात काही हललं नाही.

१५ नोव्हें.
आज सरपंचाची निवड, गावच्या शाळेच्या व्हरांड्यात लिहितोय. आत साहेब आलेत. हात वर करून मतदान. दोनच खुर्च्या मोकळ्या, एक अक्काशेजारी, एक शोभावहिनीशेजारी. वहिनींचा पदर पार कपाळावर. अक्का दाराकडं बघत नाही.
आप्पा मागून, "जा की रं आत."
हजेरी चाललीय. माझं नाव घेतलं. परत घेतलं.